माणसाच्या नावाचा साक्षीदार
(आलापल्ली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आलापल्लीच्या चौकातून चार वाटा फुटतात. एक सिरोंच्याकडे जाते, एक भामरागडकडे, एक एटापल्लीकडे आणि एक आष्टीवरून चंद्रपूरकडे. या वाटांनी इंग्रजांच्या काळापासून सागवान बाहेर जात आले आहे. ज्या झाडाची तोड करावयाची, त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप पडतो, त्याला क्रमांक मिळतो, छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजून वहीत लिहिला जातो. झाड पडल्यावर ओंडक्यांवर पुन्हा आकडे घातले जातात आणि डेपोत त्या आकड्यांवरून लाकूड ओळखले जाते. लाकूड ओढण्यासाठी वनखात्याने जे हत्ती पाळले, त्यांचा तळ याच तालुक्यात कमलापूरला आहे. त्या हत्तींना नावे आहेत आणि ती मुलाबाळांच्या तोंडी आहेत. ज्या माणसाने ते झाड तोडले, त्याची नोंद मात्र हजेरीपटावरच्या अंगठ्यापलीकडे सहसा गेली नाही. आणि हजेरीपट ही कोणी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवण्याची वस्तू नव्हे.

याच रानांतला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला आणि त्याचा कागद झाला. त्या कागदावर देशभर किती नावे लिहिली गेली असतील याचा हिशेब नाही. बांबू तोडणाऱ्याने आपण या रानात पिढ्यान् पिढ्या राहत आलो असे सांगितले, तेव्हा त्यालाच विचारले गेले: कागद आहे काय?

माणसाचे नाव कोण राखतो, त्याच्या अस्तित्वाची साक्ष कोण देतो आणि ती साक्ष नाहीशी झाली म्हणजे त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न घेऊन लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी आहे. लंडनमधल्या एका कारकुनाची ती कथा आलापल्लीच्या रानात कशासाठी सांगावी, अशी शंका कोणाला आली तर ती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शेवटी मिळावे अशी अपेक्षा आहे.

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाली. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. पुढे ते समाजवादी झाले, आणि तेही केवळ लेखणीने नव्हे. स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले आणि १९३७ साली त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. ‘ट्रिब्यून’ या डाव्या साप्ताहिकाचे साहित्य विभागाचे संपादक म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांच्या कादंबरीचा उपयोग शीतयुद्धाच्या काळात समाजवादाला झोडपण्याची काठी म्हणून करण्यात आला. आपला रोख समाजवादावर नाही आणि ब्रिटिश मजूर पक्षावरही नाही, असा जाहीर खुलासा ऑर्वेल यांना १९४९ सालीच करावा लागला. म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने हे पुस्तक शत्रूचा आरोप म्हणून वाचू नये. घरच्या माणसाने दिलेला इशारा म्हणून ते वाचले पाहिजे.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. जुनी वृत्तपत्रे दुरुस्त करणे हे त्याचे काम. पक्षाने काल केलेले भाकीत आज खोटे ठरले, तर कालचा अंक नव्याने छापून जुना जाळावयाचा. त्याच्या टेबलाजवळ भिंतीत एक भोक आहे. नको असलेला कागद त्यात टाकला की तो भट्टीत जातो. या भोकाला त्या जगात स्मृतीचे विवर म्हणतात. कागदांप्रमाणेच माणसेही तेथे नाहीशी होतात. एखादा अधिकारी मर्जीतून उतरला की रात्री त्याला उचलले जाते आणि सकाळी त्याचे नाव प्रत्येक यादीतून, प्रत्येक जुन्या अंकातून काढून टाकले जाते. तो मेला असे कोणी म्हणत नाही. तो कधी नव्हताच असे ठरते. मेलेल्या माणसाला निदान भूतकाळ असतो. या माणसाला तोही राहत नाही.

हे सारे कल्पनेतून आलेले नाही. ऑर्वेल ज्या पक्षाच्या पथकातून स्पेनमध्ये लढले, त्याचे नेते आंद्रेउ निन यांना १९३७ च्या जूनमध्ये अटक झाली. सोव्हिएत हस्तकांनी त्यांची हत्या केली आणि फॅसिस्टांनीच त्यांना सोडवून नेले अशी अफवा उठविण्यात आली. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव याला १९४० साली गोळी घालण्यात आली. स्टालिनबरोबर कालव्याच्या काठावर चालतानाचे त्याचे एक छायाचित्र होते. पुढच्या आवृत्तीत येझोवच्या जागी नुसते पाणी दिसू लागले. ज्याने हजारोंना नाहीसे केले, त्यालाही त्या यंत्राने सोडले नाही. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने तर १९२०-२१ सालीच ‘आम्ही’ नावाची कादंबरी लिहिली होती. तीत माणसांना नावेच नाहीत, फक्त अक्षरे आणि आकडे आहेत. ती त्यांच्या मायदेशात प्रसिद्ध व्हावयास १९८८ साल उजाडावे लागले. लेखक तेव्हा हयात नव्हते. ऑर्वेल यांनी ही कादंबरी वाचली होती आणि १९४६ साली तिच्यावर लिहिलेही होते.

आपला देश या मोहापासून अलिप्त होता असेही म्हणता येणार नाही. १९७३ साली तत्कालीन केंद्र सरकारने लाल किल्ल्यात एक कालपात्र पुरले. स्वतंत्र भारताचा इतिहास हजारो वर्षांनंतरच्या माणसांना कळावा हा उद्देश सांगितला गेला. पण त्यात नेमके काय लिहिले आहे ते हयात असलेल्या नागरिकांनाच नीट सांगितले गेले नाही. १९७७ साली जनता सरकार आले आणि त्याने ते उकरून काढले. एकाने पुरले, दुसऱ्याने उकरले. पुढच्या पिढ्यांनी काय आठवावे हे ठरविण्याचा अधिकार सत्तेचा, याविषयी मात्र दोघांचे फारसे दुमत नसावे.

तथापि ऑर्वेल यांचे निदान केवळ सरकारी खोटेपणापुरते असते, तर पुस्तक एवढे टिकले नसते. त्यांनी विन्स्टनचा पराभव ज्या क्रमाने दाखविला आहे तो क्रम पाहण्यासारखा आहे.

प्रथम तो चोरून रोजनिशी लिहू लागतो. ती कोणासाठी, हे त्यालाच ठाऊक नाही. वाचणारा नसेल तर लिहिणे हे मनातल्या मनात बोलण्यासारखेच राहते. त्याआधी काही वर्षे त्याच्या हाती पुराव्याचा एक कागद आलेला असतो. देशद्रोहाचे कबुलीजबाब देऊन संपविण्यात आलेले तीन नेते त्याच दिवशी दुसऱ्याच ठिकाणी होते, हे सिद्ध करणारे ते छायाचित्र. विन्स्टन ते दहा मिनिटांहून अधिक जवळ ठेवू शकत नाही. भीतीने तो स्वतःच ते विवरात टाकतो. दाखवावे असा एकही माणूस त्याला नसतो.

मग तो एका गुत्त्यात जातो आणि ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला गाठतो. क्रांतीपूर्वी जीवन बरे होते की वाईट, हे त्याला विचारावयाचे आहे. म्हातारा सांगतो ते निराळेच. बिअरचे माप पूर्वी कसे असे, लोक कोणती उंच टोपी घालीत, अशा एका टोपीवाल्याने रस्त्यात धक्का दिला तेव्हा काय बोलाचाली झाली. विन्स्टन कंटाळतो. या माणसाच्या स्मृतीत नुसता बारीकसारीक कचरा आहे असे ठरवून तो उठून जातो. वाचकही त्याच्याबरोबर निराश होतो. वस्तुतः म्हाताऱ्याने उत्तर दिलेले असते. मापाचे उत्तर हे भावाचे उत्तर आहे, आणि टोपीवाल्याच्या धक्क्याचे उत्तर हे वर्गसंबंधांचे उत्तर आहे. प्रश्न विचारणाऱ्याला ते ऐकता आले नाही. सत्य मंत्रालयात मुरलेल्या कारकुनाला आकड्यांत आणि निष्कर्षांत मांडलेला भूतकाळच भूतकाळ वाटतो.

शेवटी छळातून बाहेर पडलेला विन्स्टन एका कॅफेत बसलेला असतो. अकस्मात त्याला बालपणीची एक दुपार आठवते. बाहेर पाऊस, आत मेणबत्ती, आणि आई त्याच्याशी सापशिडी खेळत आहे. सोंगटी सापाच्या तोंडातून घसरते आणि तो, आई आणि लहान बहीण हसतात. विन्स्टन ही आठवण झटकून टाकतो. ही खोटी आठवण आहे असे तो स्वतःला बजावतो. सापशिडी हा आपल्याकडूनच तिकडे गेलेला खेळ. मराठी वाचकाला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही. आईच्या हसण्याचा साक्षीदार एकटा तो उरला होता, आणि त्यानेच साक्ष फिरविली. पक्षाचा विजय येथे पुरा होतो. त्याचे नाव कागदावरून पुसण्याचे काम त्यानंतर उरते, आणि ते किरकोळ आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाचे स्वत्व त्याच्या कवटीच्या आत सुरक्षित असते असे विन्स्टनला वाटत होते. तेवढी काही घन सेंटिमीटर जागा आपली आहे, हा त्याचा आधार होता. कादंबरी दाखविते की ती जागा एकट्याला राखता येत नाही. माणूस अमुक होता, त्याने अमुक केले, तो असा हसत असे, हे सांगणारा आणि सत्तेच्या ताब्यात नसलेला दुसरा माणूस असेल तोवरच ते स्वत्व टिकते. स्मृतीला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला निर्भयपणे बोलता येईल अशी वस्ती लागते. ऑर्वेलच्या लंडनमध्ये ती वस्ती उरलेली नव्हती.

आता पुन्हा आलापल्लीकडे यावयाचे.

येथून भामरागडच्या वाटेला लागले की माडिया गोंडांची गावे सुरू होतात. माणूस गेला की त्याच्यासाठी दगड उभा करावयाचा ही माडियांची जुनी रीत आहे. गावाबाहेर, वाटेच्या कडेला असे दगड उभे दिसतात. परक्या माणसाला ते सारे सारखेच वाटतात. त्यांवर नाव कोरलेले नसते, तारीख नसते. पण कोणता दगड कोणाचा, तो माणूस कोणाचा कोण, त्याचे गोत्र किती देवांचे, हे गावातल्या वृद्धांना ठाऊक असते. दगड आणि वृद्धाची जीभ या दोहोंनी मिळून ती नोंद पुरी होते. गाव तेथून उठविले तर दगड जागेवर राहतील, पण ते मुके होतील. भोपालपट्टनम आणि इंचमपल्ली या धरणांच्या योजनांविरुद्ध १९८० नंतरच्या वर्षांत या टापूत आंदोलन झाले. बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. शेती आणि रान जाणार, हे तर होतेच. पण ज्या भूमीत मेलेल्यांची ओळख रोवलेली होती ती भूमीही पाण्याखाली जाणार होती. ती धरणे झाली नाहीत.

जी साक्ष ऑर्वेलच्या नायकाला मिळाली नाही, ती येथल्या सर्वांत दरिद्री माणसाजवळ होती. मात्र राज्यकर्त्यांच्या लेखी तिला किंमत नव्हती. अहेरीची जमीनदारी, इंग्रजी वनखाते आणि नंतर स्वराज्यातले वनखाते, तिघांनीही कागदाची मागणी केली. ज्याच्याजवळ कागद नाही तो अतिक्रमणदार ठरला. ऑर्वेलच्या पक्षाला माणूस नाहीसा करण्यासाठी कागद जाळावा लागत असे. येथे मुळात कागद केलाच नाही, म्हणजे जाळण्याचे श्रम वाचले.

ही स्थिती २००६ सालच्या वनहक्क कायद्याने बदलली, निदान बदलण्याची वाट खुली केली. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे संसदेने त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले. या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. त्यांतला तेरावा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. कोणता पुरावा ग्राह्य धरावा त्याची यादी तेथे आहे. सरकारी दस्तऐवज तर त्यात आहेतच, पण त्यांच्याच पंगतीला जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने बसविली आहेत. दावेदाराहून वेगळ्या असलेल्या वृद्धांचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदनही त्यात आहे. दाव्यासोबत यांपैकी किमान दोन पुरावे असावेत असे नियम सांगतात. याचा अर्थ असा की वाटेच्या कडेचा तो दगड आणि त्याविषयी सांगणारा तो म्हातारा, हे दोघेही आता कायद्यापुढे साक्षीदार आहेत. अशा दाव्यांची तपासणी सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ साली त्याच ग्रामसभेच्या हाती स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार आला. ज्या बांबूच्या कागदावर नाव नव्हते, त्या बांबूच्या परवान्यावर आता गावाचे नाव आहे.

परंतु समाधान मानून बसावे अशी स्थिती नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभरातली लाखो कुटुंबे त्याच्या कक्षेत येत होती. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. पुरावा नाही हे कारण ज्या ज्या अर्जावर लिहिले गेले, त्यांपैकी कितींच्या गावात दगड उभे होते आणि किती म्हाताऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते, याचा शोध कार्यकर्त्यांनीच घ्यावयास हवा.

येथेच गुत्त्यातला तो प्रसंग कामाला येतो. कार्यकर्ता दाव्याचा नमुना घेऊन गावात जातो आणि विचारतो, “दादा, ही जमीन कोणत्या सालापासून कसता?” म्हातारा साल सांगत नाही. तो सांगतो की मोठा भाऊ वाघाने नेला त्या पावसाळ्यात हा बांध घातला. सुनेला आणले तेव्हा या मोहाच्या झाडाला प्रथम फूल आले. हेमलकशाला डॉक्टर आले तेव्हा थोरला मुलगा औत धरू लागला होता. चांद्याचे दोन जिल्हे झाले त्या साली विहीर खणली. कार्यकर्ता घाईत असेल तर तो विन्स्टनप्रमाणेच वही मिटतो. थांबला तर त्याला सारे मिळते. हेमलकशाचा प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. थोरला मुलगा औत धरण्याच्या वयाचा १९७३ साली असेल, तर बांध त्याआधीचा की नंतरचा, हे दोन प्रश्नांत कळते. कायद्याने जी मर्यादा घातली ती १३ डिसेंबर २००५ ची; म्हाताऱ्याची साक्ष तिच्या कितीतरी मागे जाते. आणि बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासीला जेथे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, सिद्ध कराव्या लागतात, तेथे तर अशा साक्षीवाचून गत्यंतरच नाही.

हे निवेदन त्याच्याच शब्दांत उतरविले पाहिजे. माडिया बोलणारा माणूस मराठीत अडखळत असेल तर त्याच्या बोलीत ऐकून, दुभाष्याच्या मदतीने लिहिले पाहिजे. ठरीव मसुद्यावर वीस म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले, तर ती वीस साक्षी होत नाहीत. एकाच मसुद्याच्या वीस प्रती होतात, आणि वरच्या समितीला त्या फेटाळणे सोपे जाते. येथे व्यक्तित्व ही केवळ साहित्यातली गोष्ट राहत नाही. त्यावर जमीन अवलंबून असते.

दुसरी गोष्ट नावांची. शाळेत घालताना मास्तरांनी आपल्या सोयीने नाव फिरविले, जन्मतारीख ठाऊक नव्हती म्हणून एक जून लिहिली, शिधापत्रिकेवर तिसरेच नाव चढले, हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वत्र घडले आणि या भागात अधिक घडले. तीन कागदांवर तीन माणसे दिसतात आणि जंगलात जमीन कसणारा चौथा असतो. नोंद हीच शत्रू आहे असे समजण्याचे कारण नाही. सातबारावरच्या नावासाठी शेतकऱ्यांच्या पिढ्या लढल्या आहेत. प्रश्न असा की नोंद चुकली तर ती सुधारण्याचा अधिकार ज्याचे नाव आहे त्याला आहे काय. सत्य मंत्रालयात दुरुस्ती रोज होत असे, पण ती वरून होत असे. लोकशाहीत ती खालून होता आली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत तर गावाची स्मृतीही निर्दोष नाही. वृद्धांच्या निवेदनांत पुरुषांची नावे येतात आणि स्त्री ही अमक्याची बायको किंवा तमक्याची आई म्हणून येते. वनहक्क कायद्याने विवाहित दावेदाराच्या हक्काची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करावी असे सांगितले आहे. त्यासाठी तिचे नाव विचारावे लागते, आणि कित्येक ठिकाणी ते प्रथमच विचारले जाते. निवेदन घेताना म्हाताऱ्यांबरोबर म्हाताऱ्या बायकांनाही बसविले, तर बांध कोणी घातला याची हकिकत पुष्कळदा बदलेल.

काही कार्यकर्ते म्हणतील की व्यक्ती, व्यक्तित्व, नाव ही मध्यमवर्गाची चिंता आहे. शोषण वर्गाचे होते आणि मुक्तीही वर्गाचीच होईल. या आक्षेपाला ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत उत्तर दिले होते. मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले होते. खेड्याच्या सामूहिकतेत अस्पृश्याचे काय होते हे त्यांना ठाऊक होते. मेंढा (लेखा) सारख्या गावाचा अनुभव सांगतो की समूह माणसाला गिळतोच असे नाही. ग्रामसभेने साक्ष दिली म्हणून एकेका कुटुंबाला आपले नाव मिळू शकते. व्यक्ती आणि समूह यांचे हे नाते जपणे हाच समाजवादाचा कस आहे.

या भागाच्या इतिहासाकडेही याच दृष्टीने पाहावे. बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध गोंडांना उभे केले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या बंडात मारल्या गेलेल्या गार्टलँड आणि हॉल या तारखात्याच्या दोन इंग्रज नोकरांची नावे कागदोपत्री राहिली. शेडमाके यांच्या मागे जे लढले त्यांतल्या बहुतेकांची राहिली नाहीत. शेडमाके यांचे नाव इंग्रजांच्या दप्तरात बंडखोर म्हणून होते आणि लोकांच्या स्मृतीत वीर म्हणून. लोकस्मृती टिकली म्हणून ते आज पुस्तकांत आले. मात्र त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीचा हात होता, ही गैरसोयीची गोष्टही त्याच स्मृतीचा भाग आहे. ती गाळून केलेले स्मरण अर्धे असते.

१९८० नंतर या रानात जी माणसे मारली गेली त्यांच्याविषयी बोलणे अधिक अवघड आहे. पोलिसांच्या गोळीने मेलेला नक्षलवादी ठरतो, नक्षलवाद्यांनी मारलेला खबऱ्या ठरतो आणि सुरुंगाने मेलेला पोलीस शहीद होतो. प्रत्येकाला एकेक शब्द मिळतो आणि त्या शब्दाखाली माणूस नाहीसा होतो. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान मारले गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या वाहनाचा चालकही मेला. तो जवान नव्हता, म्हणून बोलताना पंधराचा आकडा येतो आणि सोळावा राहून जातो. खबऱ्या म्हणून ज्यांना मारून रस्त्यावर टाकले, त्यांच्या आयांना ते कसे हसत असत हे आठवत असेल. पण ते मोठ्याने सांगण्याची सोय गावात राहिली नाही. ज्याच्या मुलाला चकमकीत मारले, त्या बापालाही ती सोय नाही. ऑर्वेलने जिचे वर्णन केले ती साक्षीदाराची भीती हीच. बंदूक कोणाच्या हातात आहे याने त्या भीतीचे स्वरूप बदलत नाही. हिंसा कोणी केली याचा न्यायनिवाडा व्हावयास हवाच. पण मेलेल्या प्रत्येक माणसाचे नाव गावाने निर्भयपणे उच्चारावे, एवढे वातावरण निर्माण करणे हे लोकशाही चळवळीचे पहिले काम आहे.

आणि अखेरीस आपल्या घराकडे पाहावे. विन्स्टनला एका नाहीशा झालेल्या अधिकाऱ्याचे नाव जुन्या भाषणातून काढावयाचे असते. त्या जागी तो ऑगिल्वी नावाचा एक हुतात्मा रचतो. लहानपणापासून पक्षनिष्ठ, निर्व्यसनी, ब्रह्मचारी, रणात मेलेला. असा माणूस कधी नव्हता. पण भाषण छापून आले की तो इतिहासातल्या कोणाही थोर पुरुषाइतकाच खरा होतो. आता कोणत्याही पक्षाचे शोकप्रस्ताव काढून पाहावेत. दिवंगत कार्यकर्ता निष्ठावान होता, लढाऊ होता, कष्टाळू होता, त्याच्या निधनाने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. नाव बदलले की तोच प्रस्ताव पुढच्या वर्षी चालतो. तो माणूस सभेला नेहमी उशिरा येई, वाद घाली, तेंदूपानाच्या संपात एकटाच विरुद्ध बोलला आणि नंतर त्याचेच खरे ठरले, यांतले काहीही तेथे नसते. आपण त्याला विवरात टाकलेले नसते, हे खरे; आपण त्याचा ऑगिल्वी केलेला असतो. ज्याला मतभेद नाहीत, दोष नाहीत आणि बायकोमुले नाहीत अशा माणसाचे स्मरण करणे सोपे असते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी असते.

म्हणून या अभ्यासवर्गातून निघताना प्रत्येकाने एक साधे काम अंगावर घ्यावे. आपल्या गावी एक वही घालावी. गावातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीपासून आणि सर्वांत वृद्ध पुरुषापासून आरंभ करावा. दफनभूमीत त्यांच्याबरोबर जाऊन, कोणता दगड कोणाचा ते विचारावे आणि जसे सांगितले तसे लिहावे. ते वाचून दाखवावे, चुकले असेल तेथे त्यांनाच दुरुस्त करू द्यावे. ही वही पक्षाच्या कचेरीत नेऊ नये. ती ग्रामसभेजवळ राहावी, आणि तिची एक प्रत वनहक्क समितीच्या फायलीत असावी. पक्ष येतात आणि फुटतात. गावाने आपली नोंद आपल्या हाती ठेवली, तर उद्या कोणत्याही सत्तेला ती परस्पर बदलता येणार नाही.

हे काम सवडीने करण्यासारखे नाही. कायद्याने ज्यांची साक्ष मान्य केली ते वृद्ध थकत चालले आहेत, आणि दर पावसाळ्याअखेर गावात त्यांतला एखादा कमी झालेला असतो. त्याचा दगड उभा राहील. तो कोणाचा, हे सांगणारे माणूस आणि ते लिहिलेली वही, ही दोन्ही त्याच्या शेजारी असली पाहिजेत.